"तिथे मला ओळखतील ना गं?" : स्वर्गाची आशा आणि आपला भरवसा (अनुभव धागा)

वाकोल्याची लेक (धागाकर्ती)

मम्मी जायच्या साधारण तीन आठवडे आधीची गोष्ट. तेव्हा ती मला ओळखत नव्हती. कधी मी तिची धाकटी बहीण असायचे, कधी जेवण आणून देणारी कुणी बाई. खिडकीशी तिची खुर्ची होती. त्या दुपारी हातात जपमाळ होती, पण मणी पुढे सरकत नव्हते. एकच मणी अंगठ्याखाली दाबून बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तिथे मला ओळखतील ना गं?"

तिथे म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. कळलं होतं. मी "हो" म्हटलं, तिच्या तोंडाला लागलेला घास पुसला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. ज्या बाईला स्वतःची मुलगी ओळखू येत नव्हती, तिला भीती होती की तिथे तिलाच कोणी ओळखणार नाही. आणि मी खात्री असल्यासारखं "हो" म्हणून मोकळी झाले होते.

मम्मी यंदाच्या उपवासकाळात गेली. तो "हो" अजून माझ्याजवळ आहे.

परवा बुधवारी माहीमला सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाला (माउलीकडे मागण्याच्या प्रार्थनेला) गेले. ८ सप्टेंबर १९४८ पासून तिथे दर बुधवारी नित्य साहाय्य माउलीची नोव्हेना चालते, दिवसभर, अनेक भाषांत. मी कॉलेजात असल्यापासून जाते. लोकांनी लिहिलेल्या विनंत्या आणि आभाराच्या चिठ्ठ्या वाचून दाखवतात. नोकरी लागू दे, व्हिसा मिळू दे, भाड्याची जागा सुटू नये, नवऱ्याची दारू सुटू दे. सगळं खरं, सगळं गरजेचं. पण त्या दिवशी ऐकता ऐकता लक्षात आलं, स्वर्ग कोणीच मागितला नाही. मीही नाही. माझी चिठ्ठी मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाची होती. आणि तरी "नमो मरिये" म्हणताना शेवटी आपण "आमच्या मरणाच्या वेळी" आमच्यासाठी विनंती कर असं सांगतोच की. पाच रहस्यांच्या एका जपमाळेत ५३ वेळा. एवढ्या वेळा तोंडाने मागतो आणि मनाने एकदाही नाही, असं तर होत नसेल ना माझं?

नोव्हेंबर तोंडावर आला आहे, आपल्या मृतांचा महिना. म्हणून हा धागा. स्वर्ग आहे हे सिद्ध करा असं मी कोणाला म्हणत नाहीये, त्यावर इथे वाद नको. तुम्ही देवावर भरवसा कसा टाकलात, कधी टाकता आला नाही, कोणी शिकवला, तेवढं लिहा. कॅथलिक नसलात तरी लिहा.

गोराईचा नाखवा

ताई, मला लिहायची सवय नाही. मी बोलतो ते पोरगी टाइप करते आहे.

माझा बापूस दर्यात गेला. बंदी ३१ जुलैला उठते, त्यानंतरची पहिलीच खेप. मी एकोणीस वर्षांचा. बोट परत आली, बाकीचे आले, तो आला नाही. शोधलं, मिळाला नाही. आयने सव्वा वर्ष कोणाला मेलेल्याची मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) वाहू दिली नाही. "तो मेला असं तुमाला कोनी सांगितलं?" म्हणायची. फादर समजूतदार होते. दर रविवारी "दर्यावर असलेल्या सगळ्यांसाठी" म्हणून प्रार्थना करायचे, आणि आय त्यात तिचा हिस्सा धरायची.

मग दुसऱ्या वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळं गाव कबरस्थानात. प्रत्येकाला आपापली कबर, त्यावर झेंडू, मेणबत्त्या. आय दारात उभी. तिला जायला कबरच नव्हती. फादर तिच्याजवळ आले आणि बायबलच्या प्रकटीकरणातलं एक वाक्य सांगितलं: शेवटच्या दिवशी समुद्रानेही आपल्यातले मेलेले परत दिले. एवढंच. दुसरं काही बोलले नाहीत.

घरी येऊन आय म्हणाली, "आता त्याच्या नावाची मिस्सा वाहा."

त्यानंतर दर २ नोव्हेंबरला ती किनाऱ्यावरच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) दिवा लावते. मेणबत्ती वाऱ्याने टिकत नाही, म्हणून बापसाचाच जुना कंदील. काच ती स्वतः पुसते, दुसऱ्याला हात लावू देत नाही. मिस्सेत विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली) म्हणताना "देहाचं पुनरुत्थान" आलं की तिचा आवाज चढतो, मागच्या बाकांना ऐकू जातो. मला आधी लाज वाटायची. आता माझाही चढतो. ती म्हणते, "दर्या उसना घेतो, ठेवून घेत नाय."

दुपारचे तीन

मी बँकेत काउंटरवर असते. रोज तीन वाजता मोबाइल एकदा थरथरतो. ती देवाच्या करुणेची वेळ, प्रभूच्या मरणाची वेळ. समोर रांग असते, जपमाळ काढता येत नाही. संत फाउस्टिनाला दिसलेल्या येशूच्या चित्राखाली लिहिलेलं असतं तेवढं एक वाक्य मनात म्हणते: येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे. आणि पुढचं पासबुक घेते. घरी वडील अर्धांगवायूने पडून आहेत, सात वर्षं झाली. माझा अनुभव एवढाच आहे.

मनमोकळी

मी जरा वेगळं लिहिणार आहे. धागाकर्तीने "टाकता आला नाही" तेही लिहा म्हटलं आहे, म्हणून धीर करते.

माझा नवरा चौतिसाव्या वर्षी गेला. घरी लोक येत होते. आपलीच माणसं, जपमाळ घेऊन, सामोसे आणि चहाचे थर्मास घेऊन. आणि एकेकजण मला सांगत होतं, "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात." "तो आता स्वर्गात सुखात आहे, रडू नकोस, त्याला तिथे वाईट वाटेल." माझी मुलगी चार वर्षांची होती. तिने मला विचारलं, देवाकडे आधीच इतकी माणसं आहेत, मग आपले पप्पा कशाला पाहिजेत? मी त्या दिवसापासून चर्चमध्ये जाणं बंद केलं. दोन वर्षं गेले नाही. स्वर्ग हा शब्द ऐकला की मला माझ्या तोंडावर कोणी हात ठेवतंय असं वाटायचं.

दुसऱ्याच कोणाच्या दफनाला गेले होते, जावं लागलं म्हणून. तिथे लाजरसाचं वाचन होतं. लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा कानात शिरलं की येशूला माहीत होतं. आपण थोड्या वेळाने लाजरसाला हाक मारून कबरेतून बाहेर काढणार आहोत, हे ठाऊक असूनही तो कबरेकडे जाताना रडला. मार्था-मरियेला "रडू नका" म्हणाला नाही. स्वतः रडला.

तेव्हापासून मी परत जाते. सगळ्यात मागच्या बाकावर बसते. मला उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या रडण्याने स्वर्गाचा अपमान होतो असं मला आता कोणी सांगू शकत नाही. जे दुःखाच्या घरी जातात त्यांना हात जोडून सांगते, स्वर्गाबद्दल नंतर बोला. आधी शेजारी बसा.

वाकोल्याची लेक

मनमोकळी, बरं झालं लिहिलंत. मीही अशा घरांत जाऊन तसंच काहीतरी बोलून आले आहे. पुन्हा बोलणार नाही.

माझगावकर

आमची आजी माथारपाखाडीची. तिच्या लग्नाच्या पेटीत तळाला एक लुगडं होतं, कापूर घालून ठेवलेलं. लाल चौकड्याचं, कोरं. सोबत तपकिरी स्कापुलर (गळ्यात घालायची माउलीची कापडी खूण), एक जपमाळ, आणि रुमालात बांधलेले थोडे पैसे, "फुलांचे". ते तिच्या दफनाचं सामान. दर वर्षी ईस्टरच्या आधी ते बाहेर काढून गच्चीवर ऊन दाखवायची. आम्ही पोरं विचारायचो, "आजी, कुठे जायचंय?" ती सहज सांगायची, "घरी." तिच्या तोंडावर भीती कधी दिसली नाही. लेकीचं लग्न ठरलेल्या बाईसारखी तिची तयारी असायची. गेली तेव्हा सगळं तिच्या मनासारखं झालं. लुगडं, स्कापुलर, फुलं, बँड, गल्लीभर माणसं.

पप्पा गेले २०२१ च्या एप्रिलमध्ये.

त्यांना काहीही मिळालं नाही. रुग्णालयातून बाहेर आले ते प्लास्टिकमध्ये, चेन लावलेल्या पिशवीत. चेहरा बघू दिला नाही. आम्ही दोघेच भाऊ, पीपीई घालून. कबरस्थानात तेव्हा जागेची आणि परवानगीची इतकी ओढाताण होती की शेवटी विद्युतदाहिनीत नेलं. फादर फोनवर होते. स्पीकरवर प्रार्थना म्हणत होते आणि भट्टीच्या आवाजात अर्धी ऐकू येत होती. मला त्या वेळी एकच विचार: आजीने इतकी वर्षं तयारी केली आणि तिच्या मुलाला मी कोऱ्या शर्टशिवाय पाठवतोय. पुढे कित्येक रात्री मला वाटत राहिलं की जाळलं म्हणजे आपण त्यांचं पुनरुत्थानच काढून घेतलं.

फादरनी मला बसवून सांगितलं. ख्रिस्तसभेने दहनाला १९६३ मध्येच मुभा दिली आहे, पुनरुत्थान नाकारण्यासाठी केलेलं नसलं म्हणजे झालं. २०१६ मध्ये रोमने पुन्हा स्पष्ट केलं: दफन अधिक पसंतीचं, पण दहन चालतं, फक्त रक्षा उधळायची नाही, घरात ठेवायची नाही, पवित्र जागी ठेवायची. मग म्हणाले, "मातीतून ज्याने माणूस केला त्याला राखेची अडचण आहे होय रे?"

पप्पांची रक्षा आता चर्चच्या निशमध्ये (रक्षा ठेवायच्या कोनाड्यात) आहे. ठेवताना मी आजीच्या पेटीतला उरलेला रुमाल तिच्याभोवती गुंडाळला. परवानगी विचारली नव्हती. फादरनी बघितलं आणि मान फिरवली.

१८९६ च्या प्लेगनंतर आपल्या लोकांनी मुंबईत गल्लोगल्ली खुरीस उभारले. मे महिन्यात आम्ही अजून अशा एका खुरसापाशी जपमाळ म्हणतो. पूर्वी ती मला आजीच्या पिढीची रीत वाटायची. आता त्या दगडाला हात लावताना वाटतं, यांनीही आपली माणसं अशीच घाईघाईने, न बघता, पोचवली असणार. आणि तरी त्यांनी खुरीसच उभारला.

अबोली

माझं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं.

त्याआधी चार वर्षं काही होत नव्हतं. मोतमावलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेत, सप्टेंबरच्या गर्दीत, बांद्र्याच्या त्या चढावर मेणाची बाहुली घेतली होती, बाळाची. तिथे सगळं मिळतं, मेणाचा पाय, मेणाचं घर, ज्याला जे मागायचं ते. नवसाला पावली असं सासरी सगळे म्हणाले. आणि मग फेब्रुवारीत हे.

बाप्तिस्मा झाला नव्हता. कसा होणार? एक नात्यातल्या वयस्कर बाई, वाईट हेतूने नाही, पण बोलून गेल्या की अशी बाळं स्वर्गात जात नाहीत, लिंबोत राहतात, सुखात असतात पण देवाचं दर्शन नाही. मी त्या वेळी इतकी रिकामी होते की मला राग पण आला नाही. फक्त वाटलं, मग मी मेल्यावर मला पण तिथेच पाठवा. जिथे माझं बाळ तिथे मी.

हे मी फादरना तसंच सांगितलं. ते पटकन काही बोलले नाहीत. मग त्यांनी समजावलं की लिंबो ही ख्रिस्तसभेने कधीही श्रद्धेचं सत्य म्हणून ठरवलेली गोष्ट नाही, ती जुन्या पंडितांनी लावलेली एक अटकळ होती. २००७ मध्ये रोमच्या ईश्वरविद्या आयोगाने यावर पूर्ण विचार करून सांगितलं की बाप्तिस्मा न होता गेलेल्या बाळांचं तारण होईल अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत. मी विचारलं, "आशा? म्हणजे नक्की नाही?" ते म्हणाले, "नक्की माहीत आहे असं ख्रिस्तसभा म्हणत नाही. ती देवाच्या मनात शिरून बघत नाही. पण 'बालकांना माझ्याकडे येऊ द्या' हे ज्याने सांगितलं, त्याच्याकडे तुझं बाळ आहे. तू त्याच्यावर सोडू शकतेस का?"

मला त्या क्षणी "नक्की" पाहिजे होतं. खोटं का सांगू. आशा हा शब्द मला तोकडा वाटला. परवानगी काढून त्यांनी आमच्या बाळाचा दफनविधी केला. पांढरी पेटी इतकी छोटी होती की नवऱ्याने एकट्याने, दोन तळहातांवर आणली.

पुढच्या सप्टेंबरला मी पुन्हा तो चढ चढले. विक्रेत्या बाईने विचारलं, "काय देऊ?" समोर मेणाचे हात, पाय, हृदयं, बाहुल्या. मला काय मागायचं तेच कळेना. मागे गर्दी ढकलत होती. मी साधी मेणबत्ती घेतली, कसलाच आकार नसलेली. वर जाऊन माउलीसमोर ठेवली. काही मागितलं नाही. एवढंच म्हटलं की तो तुझ्याकडे आहे, तूही एक मूल मांडीवर घेतलं होतंस ते गेल्यानंतर.

माझ्यासाठी भरवसा हा त्या बिनआकाराच्या मेणबत्तीएवढा आहे. आता मला मुलगी आहे. पण मला मुलं किती विचारलं तर मी दोन सांगते.

गोराईचा नाखवा

अबोलीताई, आयला वाचून दाखवलं. ती म्हणाली, यंदा कंदील लावीन तेव्हा तुमच्या बाळाचं पण नाव घेईन. नाव कळवा.

अबोली

आम्ही त्याला मिखाएल म्हणतो.

चर्चगेट स्लो

माझ्या मित्राने स्वतःचा जीव घेतला. आम्ही एकाच डब्यातून अंधेरीला जायचो, त्याच दाराशी. तपशील नको.

त्याच्या आईला सगळ्यात मोठी धास्ती होती की आता त्याची मिस्सा होणार नाही, कबरस्थानात जागा मिळणार नाही, आणि पुढचं तर विचारायलाच नको. ख्रिस्तसभेच्या जुन्या कायद्यात तसं होतंही. १९८३ च्या नव्या धर्मसंहितेतून ते काढलं गेलं, हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. फादर घरी आले, तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "मिस्सा किती वाजता ठेवू?" बस. बाकी सगळं नंतर. नंतर त्यांनी धर्मशिक्षणाच्या ग्रंथात काय आहे ते सांगितलं: मनाचा भयंकर त्रास माणसाची जबाबदारी कमी करतो, आणि अशा माणसांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये, देवाला ठाऊक असलेल्या वाटेने तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. त्याच्यासाठी मी अजून प्रार्थना करतो.

मला स्वतःला मात्र त्यानंतर काही वाटेनासं झालं. स्वर्ग म्हटलं की भिंत. मग कोणीतरी लिझ्यूच्या छोट्या तेरेजाबद्दल सांगितलं. मला ती फुलांची, गोड गोड संत वाटायची. २४ व्या वर्षी क्षयाने गेली, १८९७ मध्ये. शेवटचं दीड वर्ष तिला स्वर्ग आहे असं वाटतच नव्हतं, आत नुसता अंधार. आणि त्या अंधारातच ती देवाला धरून राहिली, वाटतंय म्हणून नाही. हे कळल्यावर मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. म्हणजे न वाटणं हे विश्वास संपल्याचं लक्षण नाही.

ज्यांच्या मनात आता तसले विचार येत असतील त्यांनी कृपा करून कोणाला तरी सांगा. आजच सांगा. डॉक्टरांकडे जा. माझ्या मित्राने मला सांगितलं असतं तर मी दादरलाच उतरलो असतो त्याच्याबरोबर.

लालबागची सून

मी कॅथलिक, नवरा हिंदू, सासूबाई वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कडक. मला घरात आल्या आल्या त्यांनी एकच सांगितलं होतं, "तुझा देव तू सोडू नकोस, माझा मी सोडत नाही." गुड फ्रायडेला त्या स्वतःहून टीव्ही बंद ठेवायच्या आणि दुपारी तीन वाजेपर्यंत कुणाला मोठ्याने बोलू द्यायच्या नाहीत.

त्या गेल्यावर मुलीने धर्मशिक्षणाच्या वर्गातून येऊन विचारलं, "आजीचा बाप्तिस्मा नव्हता. मग आजी कुठे?" नवरा शर्टाला इस्त्री करत होता. त्याचा हात थांबला. तो काही बोलला नाही, पण मला दिसलं.

मला उत्तर माहीत होतं ते बरं झालं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट लिहून ठेवलं आहे: स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला धरून चालतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, आणि ते देवाच्याच कृपेने. मुलीला सोपं करून सांगितलं, आजी आयुष्यभर ज्याला शोधत होती तो तिला सापडावा म्हणून आपण मागायचं.

नोव्हेंबरमध्ये चर्चमध्ये मृतांच्या नावांची पाकिटं देतात. मी त्यांचं नाव लिहिलं. फादरनी वाचलं, डिसोझा, परेरा, डाबरे यांच्या मधोमध, अस्सल घाटावरचं नाव, जसं आहे तसं. नवरा त्या दिवशी मिस्सेला आला होता. घरी जाताना त्याने मला वडापाव खाऊ घातला आणि रस्ताभर आईच्या गोष्टी सांगत राहिला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

बांद्र्याची स्वयंसेविका

मोतमावलीच्या शेजारी शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासून. देशातलं पहिलं हॉस्पिस. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातले रुग्ण, सगळ्या धर्मांचे. मी काही वर्षं आठवड्यातून एकदा जात होते. नखं कापायची, पाणी पाजायचं, पेपर वाचून दाखवायचा.

एक काका होते, आयुष्यभर टॅक्सी चालवलेले. चाळीस वर्षांत चर्चची पायरी चढले नव्हते, आणि ते स्वतःच सांगायचे. एकदा नखं कापताना हळूच म्हणाले, "इतक्या उशिरा चालतं का गं? मीटर चढलंय बरंच." मी त्यांना क्रुसावरच्या त्या चोराची आठवण दिली. त्याच्याकडे तर काही तासच उरले होते, आणि येशूने त्याला आजच म्हटलं होतं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "दुसरा हात राहिला." दुसऱ्या हाताची नखं कापून झाल्यावर म्हणाले, "आता फादरना बोलव."

जुने मास्तर

तीस वर्षं रविवारच्या मिस्सेनंतर मी मुलांना धर्मशिक्षण दिलं. श्रद्धा, आशा, प्रीती हे तीन सद्गुण फळ्यावर लिहिले असतील त्याला हिशोब नाही. आशेविरुद्ध दोन पापं आहेत हेही घोकून घेतलं: एक निराशा, म्हणजे देव मला क्षमा करूच शकत नाही असं धरून बसणं, दुसरं गृहीत धरणं, म्हणजे मी काहीही केलं तरी स्वर्ग कुठे जातोय. मुलांना मी सांगायचो, दोन्हीकडे चूक एकच आहे. दोघांनाही देवाची गरज उरलेली नाही. दोघांनी निकाल आधीच लावून टाकला.

चांगलं शिकवायचो मी. मग माझी बायपास ठरली.

आदल्या रात्री पत्नीने फादरना बोलावलं. आजाऱ्यांना तेल लावण्याचा हा संस्कार फक्त मरणाऱ्यांसाठी नाही, गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनच्या आधी अवश्य घ्यावा, हे मीच शेकडो घरांना पटवलेलं. आणि नर्सने पडदा ओढला, फादर पांढऱ्या झग्यात आत आले, तसा मी घाबरलो. घाम फुटला. मनात आलं, म्हणजे डॉक्टरांनी हिला काहीतरी सांगितलंय. माझी सगळी प्रश्नोत्तरं मला सोडून गेली. सद्गुण किती, संस्कार किती, काही आठवेना. फादरनी कपाळाला तेल लावलं, मग माझे तळहात उघडले. मुठी घट्ट होत्या, त्यांना एकेक बोट उलगडावं लागलं. तळहातावर त्यांचा अंगठा फिरला, कोमट होता. तेव्हा यशयाचं वचन आठवलं, की देव म्हणतो, आई आपल्या बाळाला विसरली तरी मी तुला विसरणार नाही, मी तुला माझ्या तळहातांवर कोरलं आहे. ते मी आठवलं नाही, ते आलं. मला झोप लागली.

वाकोल्याच्या ताई, तुमच्या मम्मींच्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार करतो आहे. संत पौल करिंथकरांना स्वर्गाबद्दल लिहितो तेव्हा ढग, वीणा, सोनं असलं काही सांगत नाही. तो म्हणतो, आता आपल्याला आरशात अंधुक दिसतं, तेव्हा समोरासमोर दिसेल. आणि जसा मी ओळखला गेलो आहे तसा मी तेव्हा ओळखेन. "गेलो आहे." झालेलं आहे ते. आपली ओळख आधीच कोणाकडे तरी पूर्ण आहे, आपलं ओळखणं मागून येतं. कबरेपाशी मग्दालेच्या मरियेनेसुद्धा उठलेल्या येशूला ओळखलं नव्हतं, माळी समजली. त्याने नुसतं तिच्या नावाने हाक मारली.

तुम्ही "हो" म्हणालात ते बरोबर होतं.

वाकोल्याची लेक

आज २ नोव्हेंबर. कबरस्थानातून आताच घरी आले. हात अजून मेणाने चिकट आहेत.

मास्तर, तुमचं लिहिणं मी रिक्षात वाचलं आणि रिक्षा थोडी आधीच थांबवून उतरले. मला एक गोष्ट आठवली. ती इतके महिने माझ्यासमोर होती आणि मी तिला किंमतच दिली नव्हती.

शेवटच्या दिवशी फादर मम्मीला तेल लावायला आले. आमच्या घरात तिला तिच्या खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. आम्ही मम्मी म्हणायचो, पप्पा "अगं" म्हणायचे, माहेरी ती बाय होती. फादरनी कार्यालयातल्या नोंदीवरून तिचं बाप्तिस्म्याचं नाव घेतलं. पूर्ण, सावकाश. दोन दिवस तिने कोणाला प्रतिसाद दिला नव्हता. डोळे न उघडता ती म्हणाली, "आले."

दारात कोणी हाक मारली की स्वयंपाकघरातून म्हणायची, अगदी तसं. मी तेव्हा धाकट्या भावाला म्हटलं, तिला वाटतंय ती ओट्याशी उभी आहे, भ्रमात आहे बिचारी.

कबरेवर अजून लाकडी क्रूस आहे. त्यावर आम्ही घाईत "मम्मी" आणि आडनाव एवढंच रंगवून घेतलं होतं. उद्या पेंटरकडे जाऊन तिचं ते नाव घालून घेते.